योबेलाचें शिंग आणि क्षमेचा दिवस

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या नोव्हेनेच्या पहिल्या सायंकाळीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आज आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या नोव्हेनेस आरंभ होत आहे. देवळाच्या भिंतींस नवा रंग लागला आहे, वेदीवर फुलांची आरास झाली आहे, आणि तरुण मंडळी रात्रीं जागून पताका बांधीत आहे. हें पाहून आम्हांस मनापासून आनंद होतो. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या वडीलधाऱ्यांनीं डोक्यावरून रेती व विटा वाहून हें देऊळ उभारलें, त्यांपैकीं कांहीं आजही आपल्यांत बसले आहेत. कित्येक शेजारच्या दफनभूमींत प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहत विसावले आहेत. त्या काळीं हा प्रदेश मुंबईच्या महाधर्मप्रांतांत मोडत असे. पुढें १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आपलें लहानसें रोप त्याच्या छायेंत वाढलें. या सर्व कृपेबद्दल ईश्वराचे आभार मानणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय.

परंतु उत्सवाच्या या पहिल्याच सायंकाळीं आम्ही तुम्हांस एक प्रश्न विचारणार आहों. योबेल साजरा करावयाचा, तो कोणत्या दिवसापासून? तुम्ही म्हणाल, "फादर, तारीख तर निमंत्रणपत्रिकेवर छापली आहे." छापली आहे खरी. तथापि पवित्र शास्त्रानेंही एक दिवस नेमून दिला आहे, आणि तो आपल्या पत्रिकेवर नाहीं.

लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें मोशेच्या द्वारें इस्राएल लोकांस आज्ञा दिली कीं, सात वर्षांचीं सात आवर्तनें मोजावीं आणि त्यापुढचें पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं देशभर मेंढ्याचें शिंग फुंकावयाचें. अडचणीपायीं विकलेली वडिलार्जित जमीन मूळ कुळास परत मिळावयाची. दारिद्र्यामुळें जो दास झाला असेल त्यानें मोकळें होऊन मुलांलेंकरांसह आपल्या घरीं जावयाचें. त्या शिंगावरूनच या वर्षास योबेल हें नांव पडलें, आणि आपल्या तोंडचा ज्युबिली हा शब्द त्याच मुळापासून आला आहे.

आतां तें शिंग कधीं फुंकावयाचें? तर सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं. त्या दिवशीं सर्व लोक उपास करीत, कोणी कामास हात लावीत नसे, आणि महायाजक पापक्षमेसाठीं बलि अर्पण करी. त्यांतही क्रम ठरलेला होता. महायाजकानें आधीं स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांसाठीं गोऱ्हा अर्पावयाचा. त्यानंतरच लोकांच्या पापांसाठीं बोकड. हा क्रम तुम्ही ध्यानांत ठेवा. पुढें आम्हांस स्वतःविषयीं कांहीं सांगावयाचें आहे, तेव्हां तो उपयोगीं पडेल.

सारांश, योबेल आनंदानें सुरू होत नसे. तो क्षमेनें सुरू होई, आणि आनंद तिच्या मागून येई. ख्रिस्तसभेनेंही हाच क्रम राखिला आहे. पोप आठवे बोनिफास यांनीं १३०० सालीं पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें, तेव्हां यात्रेकरू रोमला गेले ते पश्चात्ताप करून पापनिवेदन करण्यासाठीं. २०२५ सालच्या पवित्र वर्षासाठीं पोप फ्रान्सिस यांनीं २४ डिसेंबर २०२४ रोजीं संत पेत्राच्या महामंदिराचें पवित्र द्वार उघडलें. तें उघडतांना मनांत धरावयाचा अर्थही हाच कीं, दयेचें दार कोणासही बंद नाहीं. मग ज्या धर्मग्रामांत देवळाचें दार उघडें आणि घरांचीं दारें एकमेकांस बंद, त्या धर्मग्रामाचा योबेल कसा व्हावा?

येथें एक घडलेली गोष्ट सांगतों. पूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों, तेव्हांची ही हकीकत आहे. पापनिवेदनांत ऐकलेली नव्हे. ती सर्व गांवास ठाऊक होती. दोन सख्खे भाऊ होते. वडिलांमागें वाडीची वाटणी झाली. अर्धीं केळीं थोरल्याकडे, अर्धीं धाकट्याकडे. विहीर थोरल्याच्या हिश्श्यांत गेली, पण पाण्यावर दोघांचा हक्क, असें ठरलें होतें. पुढें बांधावरून बोलाचाली झाली. थोरल्यानें पंपाच्या खोलीस कुलूप लावलें. अकरा वर्षें ते एकमेकांशीं बोलले नाहींत. देवळांत एक उजव्या बाजूस बसे, दुसरा डाव्या बाजूस. आई वारली तेव्हां एकानें पुढून व दुसऱ्यानें मागून खांदा दिला, पण तोंडांतून शब्द निघाला नाहीं.

आईच्या महिन्याच्या मिस्सानंतर आम्ही थोरल्याच्या ओट्यावर जाऊन बसलों आणि त्यास क्षमेविषयीं चार गोष्टी सांगितल्या. त्यानें शांतपणें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, "फादर, क्षमा मीं त्याला केव्हांच केली आहे. पण किल्ली देणार नाहीं."

बंधुभगिनींनो, हें उत्तर आम्ही आजवर विसरलों नाहीं. कारण आपल्यापैकीं बहुतेकांची क्षमा अशीच असते. मनांत केलेली, प्रार्थनेंत उच्चारलेली, आणि किल्ली मात्र खिशांत. वसईच्या या भूमींत जमिनीचा भाव जसजसा चढत गेला तसतसें सात-बाराच्या उताऱ्यावरचें एक नांव आणि वहिवाटीची एक पायवाट यांपायीं किती घरें दुभंगलीं, हें तुम्हांस आम्ही सांगावयास नको. लेवीय ग्रंथांत योबेलाचा आणि जमिनीचा संबंध उगाच जोडलेला नाहीं. भूमि माझी आहे, तुम्ही तींत उपरे आहां, असा परमेश्वराचा तेथें अभिप्राय आहे. ज्यास हें पटलें त्याची मूठ आपोआप सैल होते.

आतां आमची गोष्ट. त्या दिवशीं थोरल्याकडून उठून आम्ही धाकट्याच्या घरीं जावयास हवें होतें. घर वीस पावलांवर होतें. आम्ही गेलों नाहीं. कारण असें कीं, दोन वर्षांपूर्वीं धर्मग्रामाच्या सभेंत त्यानें हिशेबाविषयीं एक प्रश्न विचारला होता. तो आम्हांस अपमानकारक वाटला. तेव्हांपासून घरें आशीर्वादित करतांना आम्ही त्याच्या दारीं घाईनें जात होतों आणि घाईनें निघत होतों. थोरल्यास उपदेश करून परत येत असतां वाटेंत आमच्या मनानें आम्हांस विचारलें, "तुझ्या खिशांत कोणती किल्ली आहे?" महायाजकानें आधीं स्वतःच्या पापासाठीं बलि द्यावयाचा, हा क्रम आम्ही मोडला होता. ती रात्र आम्हांस जड गेली. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों आणि त्याची क्षमा मागितली. प्रश्न योग्य होता, राग आमचा होता, असें स्पष्ट सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें पत्नीस चहा ठेवावयास सांगितलें.

थोरल्यास आम्ही पुनः कांहीं सांगितलें नाहीं. परंतु पुढच्या उपवासकाळांत एका सकाळीं धाकट्यास आपल्या ओट्याच्या खुंटीवर पंपाची किल्ली टांगलेली दिसली. ती घेऊन तो भावाच्या दारीं गेला आणि म्हणाला, "दादा, किल्ली तुझ्याकडेच राहूं दे. कुलूप तेवढें काढ." इतकीच ही गोष्ट. त्यांचा सर्व वाद त्या दिवशीं मिटला, असें नाहीं. बांधाची मोजणी पुढें रीतसर करावी लागली. पण ती दोघांनीं एकत्र उभें राहून करविली.

अशा वेळीं मनुष्य म्हणतो, "माझ्यावर झालेला अन्याय लहान नव्हता." प्रभु येशूनें तो लहान आहे असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील दाखला आठवा. भावास किती वेळां क्षमा करावी, असें पेत्रानें विचारलें, तेव्हां प्रभूनें मोजदादच काढून टाकली आणि एका राजाच्या चाकराची गोष्ट सांगितली. चाकर राजाचें १०,००० तालांत देणें लागत होता. तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एकूण देणें ६ कोटि दिनारांचें झालें. वर्षास ३०० दिवस काम मिळालें तरी तें फेडण्यास एका मजुरास २ लक्ष वर्षें राबावें लागेल! हें सर्व कर्ज राजानें दयेनें सोडून दिलें. तोच चाकर बाहेर पडला आणि १०० दिनारांसाठीं त्यानें आपल्या सोबत्याचा गळा धरला.

येथें एक गोष्ट आपल्या दृष्टीआड होते. १०० दिनार ही कांहीं कवडीमोल रक्कम नव्हे. ती चार महिन्यांची मजुरी आहे. गरिबाच्या घरीं चार महिन्यांची मजुरी बुडाली तर चूल विझते. म्हणजे त्या चाकराची तक्रार खोटी नव्हती. तुमचीही खोटी नसेल. प्रभु इतकेंच सांगतो कीं, तुझें येणें तूं मोजतोस, तर तुला माफ झालेलें देणेंही मोज. पहिल्याहून दुसरें ६ लक्ष पटींनीं मोठें आहे. जो पापनिवेदनपीठासमोर गुडघे टेकून स्वतःची क्षमा घेऊन येतो आणि देवळाच्या पायऱ्या उतरतांच भावाचा गळा धरतो, तो हाच चाकर होय. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपल्याला किती क्षमा मिळावी याचें माप आपणच ईश्वराच्या हातीं देतों. ती प्रार्थना आपण रोज म्हणतों. तिच्यांत आपण काय मागतों याचा विचार मात्र क्वचित् करतों.

तथापि क्षमेच्या नांवाखालीं कोणी अन्यायावर पांघरूण घालूं नये. जक्कयाच्या घरीं प्रभु पाहुणा म्हणून गेला, तेव्हां जक्कयानें नुसते अश्रु ढाळले नाहींत. ज्यांचें फसवून घेतलें असेल त्यांस चौपट परत करीन, असें त्यानें सर्वांदेखत सांगितलें. ज्यानें बांध सरकविला त्यानें तो मागें घ्यावा. ज्यानें बहिणीचा हिस्सा गिळला त्यानें तो द्यावा. ज्यानें कोणाची अब्रू घेतली त्यानें ज्या लोकांत ती घेतली त्याच लोकांत ती परत करावी. परतफेडीवांचून पश्चात्ताप हा अर्धाच पश्चात्ताप होय. तसेंच, ज्या भगिनीस घरांत मार खावा लागतो तिला क्षमेची आठवण देऊन गप्प बसविणें, हें शुभवर्तमान नव्हे. तिनें स्वतःचें व मुलांचें रक्षण करावें, आणि धर्मग्रामानें तिच्या पाठीशीं उभें राहावें. सूड सोडणें हें क्षमेचें काम आहे. सत्य सोडणें हें नव्हे.

कोणी म्हणेल, हें सर्व संतांस शक्य आहे, आमच्यासारख्यांस नाहीं. परंतु संत कोठून आले? आपल्या वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर हुतात्मा झाले. त्या टेकडीवर एकूण २६ क्रूस उभे होते. त्यांपैकीं एकावरून संत पॉल मिकी यांनीं जमलेल्या लोकांस शेवटचा उपदेश केला, आणि ज्यांनीं हा मृत्युदंड दिला त्या सर्वांस आपण क्षमा करतों, असें जाहीर केलें. आपल्या मातीचा पुत्र त्याच क्रूसांच्या रांगेंत होता. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्या सर्वांस संतपद दिलें. दरवर्षीं आपण गोन्सालोंचा सण मोठ्या थाटानें करतों. त्या टेकडीवरची क्षमाही आपल्या वांट्यास आली आहे, हें विसरूं नये.

आणि ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाहीं. केरळांत जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशांतील गरीब आदिवासींमध्यें सेवा करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं बसमधून प्रवास करीत असतां त्यांस भोसकून ठार करण्यांत आलें. २००२ सालीं त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगांत त्या मारेकऱ्यास भेटावयास गेली आणि तिनें त्याच्या हातास राखी बांधली. तिनें त्यास भाऊ म्हटलें! पुढें २००६ सालीं त्याची सुटका झाली. तो केरळांत त्या कुटुंबाच्या घरीं गेला, आणि ज्या मातेची मुलगी त्यानें मारली होती तिनें त्यास जवळ केलें. राणी मारिया यांस ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. ज्यांचें लेकरूं गेलें त्यांनीं हें केलें. आपण एका हाताच्या बांधासाठीं काय करीत आहों?

आतां ख्रिस्तमंडळीच्या जीवनाविषयीं दोन शब्द. मतभेद झाला म्हणजे मंडळी बुडाली, असें नव्हे. पौल आणि बर्णबा या दोघां प्रेषितांत योहान मार्क यास बरोबर न्यावें कीं न न्यावें, यावरून एवढा तीव्र वाद झाला कीं ते वेगळ्या वाटांनीं गेले. प्रेषितांच्या कृत्यांत हें लपवून ठेवलेलें नाहीं. परंतु तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, तुरुंगांत एकाकी पडलेला पौल त्याच मार्कास घेऊन यावयास सांगतो आणि तो आपल्या सेवेस उपयोगी आहे असें म्हणतो. मध्यंतरीं काय घडलें तें शास्त्रांत नाहीं. पण कोणीतरी किल्ली परत दिली असली पाहिजे.

भांडण कसें मिटवावें याचा मार्गही प्रभूनें घालून दिला आहे. भावानें अपराध केला तर आधीं एकांतांत त्यालाच सांगावें. ऐकलें नाहीं तर एकदोघांस बरोबर घ्यावें. त्यानंतर मंडळीस कळवावें. आपण याच्या नेमकें उलट करतों. आधीं मिस्सानंतर देवळाच्या फाटकाशीं मंडळीस सांगतों, मग एकदोघांच्या घरीं जाऊन सांगतों, आणि ज्याचा अपराध त्याच्या कानीं तें सर्वांत शेवटीं जातें! क्रम तेवढा सुलटा केला तर धर्मग्रामांतील निम्मीं भांडणें सात दिवसांत मिटतील.

आणि क्षमा मागण्यानें अधिकाऱ्याचा मान जातो, असेंही कोणी समजूं नये. महायोबेलाच्या वर्षीं, १२ मार्च २००० रोजीं, संत दुसरे जॉन पॉल यांनीं संत पेत्राच्या महामंदिरांत ख्रिस्तसभेच्या लेंकरांनीं शतकानुशतकें केलेल्या पापांबद्दल सर्वांसमक्ष ईश्वराची क्षमा मागितली. ख्रिस्तसभेचा मस्तक नमला, तर धर्मग्रामाचा धर्मगुरु ताठ कसा राहील? म्हणून आज येथें आम्ही तुम्हां सर्वांची क्षमा मागतों. या धर्मग्रामांत आमच्या तोंडच्या कठोर शब्दानें कोणी दुखावलें असेल, आजाऱ्याच्या घरीं आम्ही उशिरां पोहोंचलों असूं, श्रीमंताच्या घरीं अधिक वेळ बसलों असूं, तर त्याबद्दल आम्हांस क्षमा करा. आणि ज्यास हें प्रत्यक्ष सांगावयाचें असेल त्यानें आमच्याकडे अवश्य यावें.

या महोत्सवाची स्मरणिका निघणार आहे. तींत देणगीदारांचीं नांवें छापलीं जातील. कोणाचें नांव आधीं व कोणाचें नंतर, यावरूनही थोडी कुरकुर आमच्या कानीं आली आहे. दुसरी एक यादी मात्र छापतां येणार नाहीं. आपल्यापैकीं कोणाच्या तरी बोलण्यामुळें जे देवळांत येईनासे झाले, त्यांची ती यादी. ती ईश्वराजवळ आहे. त्यांतील एक नांव प्रत्येकानें आपल्या मनांत आणावें.

आपल्यापुढें नऊ दिवस आहेत. या नऊ दिवसांत तीन गोष्टी करा. पहिली, त्या एका मनुष्याच्या घरीं स्वतः पायीं जा. निरोप पाठवूं नका. वेदीपाशीं अर्पण आणल्यावर आठवण झाली तर तें तेथेंच ठेवून जावें, असें प्रभु सांगतो. आणि लक्ष द्या, तुझ्या मनांत भावाविषयीं कांहीं असेल तर, असें तो म्हणत नाहीं. भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं असेल तर, असें म्हणतो. म्हणून समोरचा येण्याची वाट पाहूं नका. दुसरी, ज्याचें कांहीं आपल्याकडे अडकलें असेल तें परत करा. तिसरी, पापनिवेदन करा. शनिवारीं सायंकाळीं शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरु येथें बसणार आहेत. ज्यांस आमच्याजवळ बोलण्याचा संकोच वाटतो त्यांनीं त्यांच्याजवळ जावें.

दार उघडलें नाहीं तर? तरी तुम्ही गेलांत, हें ईश्वरानें पाहिलें आहे. पुनः जा. अकरा वर्षांचें कुलूप एका दिवसांत निघत नाहीं.

नवव्या दिवशीं महोत्सवाच्या मिस्सांत, शांतीची खूण देण्याची वेळ येईल, तेव्हां शेजारच्या माणसास नमस्कार करून थांबूं नका. जागेवरून उठा, देवळाच्या दुसऱ्या बाजूस जावें लागलें तरी जा. गर्दी होईल, मिस्सास पांच मिनिटें उशीर होईल. होऊं द्या, आम्ही वेदीपाशीं थांबूं. त्या वेळीं तुमच्या पावलांचा जो आवाज होईल, तोच आपल्या योबेलाच्या शिंगाचा आवाज असेल.

क्षमेची माता पवित्र मारिया आणि आपले संत गोन्सालो गार्सिया आपल्यासाठीं विनंती करोत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा आशीर्वाद आपणां सर्वांच्या घरांवर राहो. आमेन.